करवतीचं लाल बटण

२ जून
पॅनेल सॉचा स्टार्टर मशीनच्या पोटाशी. आठ बाय चारची शीट सरकत्या टेबलावर घेतली की मिस्त्री टेबलाच्या पार टोकाला, स्टार्टरपासून सातआठ फूट लांब. शीटने मध्येच ब्लेड धरलं तर शीट सांभाळायची की बटण गाठायचं? मग "बंद कर रे!" अशी हाळी, आणि भुसा ओढणाऱ्या मोटारीच्या आवाजात ती हेल्परला ऐकू गेली तर नशीब. ३०० मिमीचं ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेतं, तेव्हा दात ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने पळत असतात. टेबलाच्या टोकाला चालू-बंदची बटणं लावायचं ठरलं.

४ जून
मिस्त्रींच्या भाच्याने रिमोट सुचवला. खिशात ठेवायचा, वायरिंगची कटकट नाही. पण त्याची बॅटरी उतरली की बंदचं बटण कितीही दाबा, करवत चालूच. वायरमनकाकांनी एका वाक्यात निकाल दिला, "शेठ, वायर तुटली तर मशीन बंद पडायला पाहिजे. रिमोटला वायरच नाही, तुटणार काय?"

५ जून
काकांनी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने जोडणी काढून दाखवली. नवं हिरवं बटण जुन्या हिरव्याला पॅरलल. कुठलंही एक दाबलं की कॉन्टॅक्टर ओढतो आणि स्वतःच्याच जादा कॉन्टॅक्टवर टिकून राहतो. लाल मात्र जुन्या लालशी सिरीजमध्ये. ते एरवी जोडलेलं, दाबलं की तुटणारं. म्हणजे वायर निसटली काय किंवा उंदराने कुरतडून तोडली काय, करवतीला ते लाल दाबल्यासारखंच.

जुन्या कॉन्टॅक्टरची कॉइल ४१५ व्होल्टची. सरकत्या टेबलावरच्या केबलमधून तेवढं व्होल्टेज खेळवायला काका तयार नाहीत. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणि २४ व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर मागवला.

११ जून
बसवणूक. साधी वायर रोज वाकून वाकून आतल्या आत तुटते, म्हणून बारीक तारांची फ्लेक्सिबल केबल ड्रॅग चेनमधून नेली. हिरवं बटण कड्यात खोल बसणारं घेतलं, शीटची कड लागून दाबलं जाऊ नये म्हणून. लाल मोठ्या टोपीचं, मागे पिवळी पट्टी; तळव्याने, कोपराने, मांडीनेही दाबता येईल असं. दाबलं की अडकतं, फिरवून सोडवावं लागतं. सोडवल्यावरही करवत आपणहून सुरू होत नाही. हिरवं पुन्हा दाबावंच लागतं.

१२ जून
शीट न लावता चाचणी. मेन पाडून टोकाच्या लालची एक वायर सोडवली, मेन टाकला: करवत कुठूनच सुरू होईना. तसंच हवं. मेन पाडून वायर परत जोडली, करवत सुरू करून लाल दाबलं: मोठी मोटार आणि स्कोरिंग ब्लेडची बारकी, दोन्ही बंद. लाल-हिरवं एकदम दाबलं, लालचंच चाललं. चालू करवतीत मेन पाडून परत टाकला: करवत गप्प. पावसाळ्यात लाइट दिवसभर ये-जा करते, तेव्हा हे फार मोलाचं.

१४ जून
हेल्पर म्हणाला, दाराशीही एक जोडी लावू. लाल जरूर लावू, हिरवं नाही. ब्लेड आणि ब्लेडजवळचे हात जिथून दिसत नाहीत, तिथून करवत सुरू करायचा हक्क कुणालाच नको. शिवाय आता ती दोन जागांहून सुरू होते. म्हणून ब्लेड बदलताना आयसोलेटर पाडून कुलूप, आणि किल्ली बदलणाऱ्याच्याच खिशात.

१९ जून
पूर्वी मिस्त्री हेलपाटा नको म्हणून करवत रिकामीच फिरत ठेवायचे. आता शीट नीट टेकवून मग हिरवं, काप संपला की लाल. पण लाल दाबल्यावर ब्लेड आपल्याच जोराने बराच वेळ फिरत राहतं, आणि आज मिस्त्रींचा हात ते थांबण्याआधीच तुकड्याकडे गेला. हटकलं. मोटारीला ब्रेक बसवायचं काकांना विचारलंय. तोवर फळ्यावर लिहिलं: ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत तुकड्याला हात लावायचा नाही.