पौड रोड नावाचा पट्टा

आमच्या सूर्यमालेचं नाव ‘वनाज’. रात्री दीड वाजता दुसरं काही सुचेना, तेव्हा मेट्रोचं शेवटचं स्टेशन कामाला आलं. ग्रहांची नावं डेपो, डहाणूकर आणि कर्वे पुतळा. डेपो आणि डहाणूकर यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे, खनिजांनी गच्च भरलेला आणि पावलोपावली जीवघेणा. त्याचं नाव ‘पौड रोड’. का, ते कोथरूडकरांना सांगायला नको!

तर मित्रहो, टेक-फेस्टसाठी आम्ही चौघं बनवतोय त्या गेमची ही गोष्ट. यान घेऊन पट्ट्यात शिरायचं, दगड चुकवायचे, निकेल-प्लॅटिनम खणायचं आणि जिवंत परत यायचं. एकदम सोप्पं. घोडं अडलं ते फिजिक्सपाशी, आणि ते अडवलं मी.

मंगळ आणि गुरू यांच्यामधला खराखुरा पट्टा बघा. त्यातला सगळा माल एकत्र केला तरी चंद्राच्या जेमतेम तीन टक्के भरतो. दोन बऱ्यापैकी दगडांमध्ये सरासरी दहा लाख किलोमीटरच्या आसपास अंतर, म्हणजे इथून चंद्रापर्यंतच्या अंतराच्या अडीचपट. १९७२ मध्ये पायोनियर १० त्यात शिरलं तेव्हा लोकांना धास्ती होती. ते आरामात पार झालं. सिनेमात दाखवतात ती दगडांची गर्दी म्हणजे शुद्ध थाप.

“म्हणजे गेममध्ये चार महिने अंधार बघत बसायचं?” आमचा कोडिंगवाला म्हणाला. “त्यापेक्षा एम-थ्रीचं लेक्चर बरं.”

खनिजांचंही तसंच. लघुग्रह खणून गब्बर व्हायचं म्हणून २०१२ मध्ये प्लॅनेटरी रिसोर्सेस नावाची कंपनी केवढ्या गाजावाजानं पुढे आली. २०१८ मध्ये ती ब्लॉकचेनवाल्यांनी विकत घेतली. ओसायरिस-रेक्स मोहिमेवर शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून माल आला किती? १२१.६ ग्रॅम. मेसच्या वाटीत मावेल एवढा! धातूनं भरलेल्या म्हणून गाजलेल्या सायकी लघुग्रहाकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये यान निघालंय, पोचायला २०२९ उजाडणार. आणि ते नुसतं बघणार आहे, खणणार नाही.

हे सगळं चालू असताना रूमी कॉटवर गप्प पडून होता. रूमी चंद्रपूर जिल्ह्यातला. त्याचे बाबा कोळशाच्या भूमिगत खाणीत कामाला. बारावीनंतर याला मायनिंग घ्यायचं होतं. बाबा म्हणाले, दुसरं काहीही घे. तो मेकॅनिकल घेऊन इथं आला खरा, पण तेव्हापासून बाप-लेकात नीट बोलणं नाही. फोन येतो तो आईचा; बाबा मागून विचारतात, “पैसे पुरते का, विचार त्याले.”

तो म्हणाला, “तुम्ही लोक धोका चुकीच्या जागी टाकून राहिले बे. भोंगा वेळ सोडून वाजला ना, तर कॉलनीतल्या सगळ्या बाया दारात येऊन उभ्या राहतात. आत गेलेल्याले माहीतही नसते. भोंगा टाका गेममधी.”

आणि गंमत म्हणजे फिजिक्स त्याच्याच बाजूनं निघालं. गुरूची एक फेरी होते तेवढ्यात बरोबर तीन फेऱ्या मारणारा दगड पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी गुरूचा हिसका खातो. कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी तो आतल्या ग्रहांच्या वाटेवर येतो. पट्ट्यात त्या जागी रिकामी फट उरते; अशा फटी कर्कवुडनं १८६६ मध्ये दाखवून दिल्या. म्हणजे पट्ट्यात फिरणाऱ्याला तसं भय नाही, भय लांब घरी बसलेल्यांना! बुलढाण्याचं लोणार बघा की. अवकाशातून आलेल्या दगडानं पाडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा; अलीकडची मोजणी सांगते ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा. तोही त्याच काळ्या बसाल्टमध्ये, जो आपण वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत बघतो.

भोंगा गेममध्ये आला. आता दगड डेपो ग्रहावर पडतात आणि खेळणारा पट्ट्यात असतो. खण किंवा घरी पळ!

गेल्या महिन्यात रूमीचे बाबा कामानिमित्त पुण्यात आले आणि हॉस्टेलवर टेकले. रूमीनं काही न बोलता लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “उतरायच्या आधी ठोकून पाहता का?”

रूमीनं आम्हाला समजावलं. खाणीत छत रॉडनं ठोकून बघतात. ठणठणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर खाली उभं राहायचं नाही. मला बेन्नू आठवला. वरून खडक दिसत होता, पण यानाचा हात टेकला तो सैल खडीत अर्धा मीटरभर आत गेला. थ्रस्टर चालू झाले नसते तर आणखी आत गेला असता. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग? तेच तं.”

त्या रात्री बाप-लेक साडेबारापर्यंत लॅपटॉपसमोर होते. कुठला दगड किती पोकळ, कुठे भेग, सगळं बाबा सांगत होते आणि रूमी टाइप करत होता. मायनिंगचा विषय दोघांनीही काढला नाही. आता स्पेसबार दाबला की यान दगड ठोकतं. आवाज दोन आहेत, एक ठण्ण आणि एक भद्द. दोन्ही बाबांनी वर्कशॉपमधला रॉड घेऊन रेकॉर्ड करून दिले.

अवकाशात हवा नाही, आवाज यायचा नाही, हे मला माहीत आहे. परीक्षकांनी विचारलंच तर कंपनं यानाच्या पायांतून वर येतात असं सांगायचं ठरलंय.