भरावावरची वाट

"सर, चढ नाही, उतार नाही, तुमच्या गुडघ्यांना सोसेल." एका जुन्या विद्यार्थ्याचे हे आमंत्रण आम्ही दोन वर्षे टाळत आलो होतो. अखेर या फेब्रुवारीत माणहून अंधारातच निघालो आणि ऊन तापण्याआधी नवी मुंबईत, कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात पोचलो.

पायाखाली पूर्वीची कचराभूमी आहे, हे त्याने आत शिरल्यावर सांगितले. आम्ही नकळत नाक आवळले आणि मग ओशाळलो, कारण वास कसलाच नव्हता. झाडे होती, सकाळची फिरायला आलेली मंडळी होती, पलीकडे तिवरांची दाट भिंत आणि तिच्यामागे ठाण्याची खाडी. अशी भूमी मिटवायची म्हणजे ढिगाला उतार देतात, पाणी झिरपू न देणारा थर त्यावर अंथरतात, माती लोटतात आणि आतला मिथेन निघून जावा म्हणून नळ्या ठेवतात. कचरा मात्र खाली कुजतच राहतो. वर्षानुवर्षे खचत राहतो. जमीन निजलेली दिसते, इतकेच.

ओहोटी होती. तिवरांच्या फटीतून खाजणाचा चिखल चकाकत होता, त्यात निवट्या टुणटुण उडत होत्या. एक तुतवार शेपूट नाचवीत काठाकाठाने चालला होता. लाल काटक्यांसारख्या पायांवर तोल सावरणारे शेकाटे दिसले. मातीच्याच रंगाचा म्हणून नजरेतून सुटलेला वंचक अचानक उडाला आणि उडताक्षणी पांढराशुभ्र झाला. ज्याने कोणी या बगळ्याला 'वंचक' म्हटले, त्याने पक्षी पुरता पाहिला होता. मारुती चितमपल्लींनी रानात राहणाऱ्या माणसांकडून अशी नावे आयुष्यभर वेचली नसती, तर आज आम्ही 'एक प्रकारचा बगळा' एवढेच म्हणू शकलो असतो. २०२५ साली ते गेले. वर्गात त्यांचे लेखन शिकवताना आम्ही शैलीवर पुष्कळ बोललो. पक्षी दाखवायला मुलांना एकदाही बाहेर नेले नाही.

मग रोहितांचा एक थवा खाडीवरून गेला. समोरच्या, मुंबईकडच्या काठाचा पट्टा २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. त्यांचा गुलाबी रंग शेवाळातून येतो, आणि शहरांच्या सांडपाण्याने खाडीतले शेवाळ माजले म्हणून हे पक्षी इतक्या संख्येने येतात, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आमच्या घाणीवर पोसलेले हे सौंदर्य. विद्यार्थी हे मोठ्या उत्साहाने सांगत होता. आम्हाला ते ऐकवेना.

कारण माणला ओढ्याकडेचा आमचा एक तुकडा चिभड होता. चिभड म्हणजे पाण्याचा निचरा न होणारी, बैलाचा पाय रुतणारी जमीन. हा शब्द आता आमच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो. तेथे लव्हाळा आणि पाणकणीस माजे, थंडीत बगळे उतरत, कडेच्या खड्यांत टिटवी अंडी घाली. आबा त्याला 'नासकं रान' म्हणत, पण टिटवीच्या अंड्यांभोवती चार दगड मांडून ठेवीत, गुरांचा पाय पडू नये म्हणून. शेजारी हिंजवडीत आयटी पार्क आले, तसे चिभडालाही मोल चढले. आबांच्या पश्चात आम्हीच सही केली. उन्हाळाभर राडारोड्याचे डंपर रिते होत होते आणि आम्ही बांधावर उभे राहून खेपा मोजत होतो. त्या पैशांत आमची पुस्तकांची खोली बांधून झाली. पाणथळीवरचे निबंध आम्ही त्याच खोलीत बसून वाचतो.

येथे निदान कचऱ्यावर माती पडली होती. आम्ही जिवंत चिखलावर कचरा टाकला होता.

परतीच्या वाटेवर विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, तुमच्या माणला आहे का अशी एखादी जागा? पुढच्या वेळी आम्हीच येतो तिकडे."

"होती," आम्ही म्हणालो.

"कुठे?"

आम्ही दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर काही नव्हते.