परतीची वाट

जुन्या गाडीच्या आजारांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात : यंत्राचे आणि विजेचे. यंत्राचा आजार उघडा असतो. बेअरिंग झिजले की ते कुरकुरते, क्लचप्लेट संपत आली की गाडी चढावर दम टाकते, तेल गळू लागले की सकाळी अंगणातल्या फरशीवर त्याचा डाग दिसतोच. विजेचा आजार मात्र लपंडाव खेळतो. मिस्त्रीच्या दारात गाडी उभी केली की दिवे लख्ख पेटतात, हॉर्न खणखणीत वाजतो, सेल्फ पहिल्याच वेळी लागतो. पैसे चुकते करून आपण घराकडे वळावे आणि दोन मैलांवर डावा दिवा मिणमिणू लागावा, हा अनुभव ज्यांच्या दारात वीस वर्षांची गाडी आहे अशा प्रत्येक कुटुंबाच्या ओळखीचा असेल.

आमच्या दारात अशी एक गाडी आहे. ती कोणत्या कंपनीची, हे मुद्दाम सांगत नाही. दोन दशकांनंतर जो बिघाड होतो त्याचा जाब कारखान्याला विचारणे न्यायाचे नव्हे. २००४ सालची, डिझेलवर चालणारी, उंच चाकांची, दाटीवाटीने नऊ-दहा माणसे पोटात घेणारी ही गाडी आम्ही २०१४ मध्ये वापरलेली म्हणून विकत घेतली. बियाण्याच्या थैल्या, लग्नाची वऱ्हाडे, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला निघालेली चार घरची माणसे असे सर्व काही तिने वाहिले आहे.

आपल्या खेड्यापाड्यांत या जातीची गाडी नवी नाही. आधी जीप होती. मग १९९४ साली टाटांची सुमो आली. टाटा मोटर्सचे एक शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन तिचे बारसे झाले होते. २००० साली महिंद्रांची बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. जुन्या जीपच्या तारा एखाद्या हुशार पोराने कागदावर काढून दाखवाव्यात इतक्या थोड्या असत. सेल्फने दगा दिला तर समोर हँडल घालून इंजिन फिरवण्याची सोय असे. पुढच्या गाड्यांत काचा विजेने वरखाली होऊ लागल्या, दारांना विजेची कुलुपे आली, रिले आणि सेन्सर आले. प्रत्येक सोयीबरोबर दोन तारा वाढल्या आणि हँडल गेले.

आमचे गाव मोताळा तालुक्यातले. बुलढाणा जिल्ह्यातील माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग. मोताळा, मलकापूर, नांदुरा हा पूर्णेच्या खोऱ्यातील घाटाखालचा. आमच्याकडून बुलढाण्याला जायचे म्हणजे राजूरचा घाट चढायचा. २०२२ मध्ये माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि आठवड्यातून दोनदा हा घाट चढणे-उतरणे आमच्या नशिबी आले. डायलिसिसला चार तास लागतात. आधीची तयारी आणि नंतरची विश्रांती धरून अख्खा दिवस जातो. एस. टी. आहे, परंतु त्या चार तासांनंतर माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो, पायांत गोळे येतात. अशा वेळी फलाटावर तासभर उभे राहणे हे निरोग्यालाच शक्य. म्हणून गाडी हवी, आणि ती पहाटे सुरू व्हायला हवी.

नेमक्या त्याच वर्षी गाडीने आपली दुखणी काढली. पहाटे किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसे. तासाभराने त्याच किल्लीने गाडी सुरू होई. डावा इंडिकेटर लावला की मागचा ब्रेकचा दिवा त्याच्या तालावर उघडझाप करी. पुढचे दिवे लावताच इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढे आणि ते बंद करताच खाली येई, जणू काय इंजिन दिव्यांनीच तापत होते. आणि संध्याकाळी घाट उतरताना, वळणावर हॉर्न दाबला की पुढचा उजेड क्षणभर विझल्यासारखा होई. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागच्या आसनावर डोळे मिटून पडलेले आपले माणूस, अशा वेळी तो क्षण फार लांबतो.

उपाय पुष्कळ झाले. एका शहरातील दुकानात सेल्फ उघडून कार्बन बदलले गेले, दुसऱ्या ठिकाणी डायनॅमोचे डायोड. उष्णतेच्या काट्यावर विश्वास ठेवून रेडिएटर धुतला गेला. बॅटरीचे आयुष्य संपतच आले होते, तीही नवी आली. प्रत्येक उपायाने आठ-पंधरा दिवस बरे वाटे आणि मग मूळ दुखणे पुन्हा डोके वर काढी. मधल्या काळात गाडी उतारावर लावण्याची रीत पडली. घरासमोर उतार होताच. बुलढाण्यात रुग्णालयाजवळ उताराची जागा मिळावी म्हणून आम्ही अर्धा तास लवकर निघत असू. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाला एकदा गती मिळाली की बॅटरीची फारशी गरज उरत नाही, एवढाच काय तो आधार होता. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, ती भंगारात द्या आता, मी हप्त्यावर नवी घेऊन देतो." त्याचे म्हणणे प्रेमाचे होते. परंतु डायलिसिसचे घर चालवणाऱ्यांना हप्ता या शब्दाचा धसका असतो.

अखेरीस २०२३ च्या उन्हाळ्यात एका आडगावच्या वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे गाडी गेली. वय साठीच्या पुढचे, दुकान म्हणजे कडुनिंबाखाली एक टपरी. त्याने बॅटरीकडे पाहिले नाही, सेल्फला हात लावला नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाला, "सर, मारा सेल्फ." 'टक्' झाले. मीटरवर दोन व्होल्टच्या जवळपास आकडा आला. जिथे जेमतेम अर्धा व्होल्ट, तोही फार झाला असता, तिथे दोन. त्याने मीटर खाली ठेवले. "सर, करंट जातो बराबर. त्याची वापस यायची वाट बंद पडली हाये."

वाचकहो, या एका वाक्यात आमच्या दीड वर्षाच्या दुखण्याचे निदान होते. मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा नसतात. बॅटरीच्या धन टोकाकडून तार निघते, दिव्यापर्यंत जाते. परतीचे काम मात्र गाडीच्या लोखंडी अंगाकडे सोपवलेले असते. यालाच कारागीर 'अर्थ' म्हणतात. आता या उंच गाड्यांची रचना पाहा. खाली चासी, तिच्यावर रबराच्या गाद्या ठेवून बसवलेली बॉडी, आणि रबराच्याच गाद्यांवर बसवलेले इंजिन. धक्के बसू नयेत म्हणून घातलेल्या रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन, चासी आणि बॉडी ही तीन बेटे होतात आणि त्यांना जोडणारे पूल म्हणजे दोन-तीन जाड तारा किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या. हे पूल गंजले की वीज आडवाटा शोधते. इंडिकेटरचा प्रवाह ब्रेकच्या दिव्यातून परतू पाहतो, म्हणून तो दिवा मिचमिचतो. काट्याचा आणि दिव्यांचा परतीचा सांधा एकच असला, तर दिव्यांचा भार पडताच काटा खोटे बोलू लागतो. चार ठिकाणी चार आजार दिसतात. मूळ एकच असते.

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे, म्हणून या गोष्टीचा हिशेब मांडण्याचा मोह आवरत नाही. कलोन शहरातील एका विद्यालयात १८१७ पासून गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या गेओर्ग ओमने १८२७ मध्ये आपला नियम प्रसिद्ध केला : प्रवाहाला रोधाने गुणले की विजेचा दाब मिळतो. समजा, गंजलेल्या सांध्याचा रोध एक ओहमचा अवघा शंभरावा भाग आहे. पुढच्या दिव्याला सुमारे पाच अँपिअर लागतात. त्या सांध्यावर वाया जाणारा दाब व्होल्टचा विसावा भाग, म्हणजे नगण्य. डिझेल इंजिनाचा सेल्फ मात्र दोनशे किंवा त्याहून अधिक अँपिअर ओढतो. त्याच सांध्यावर दोन व्होल्ट गडप होतात आणि सेल्फ उपाशी राहतो. म्हणूनच एखाद्या दुकानात छोटा दिवा लावून तार तपासतात तेव्हा ती निर्दोष ठरते. हलक्या भाराखाली तो सांधा खरोखरच निर्दोष असतो. जड भार आल्यावरच त्याचा कस लागतो. मिस्त्रीने ओमचे नाव ऐकले नव्हते. परंतु भार घालूनच तपासायचे, हे त्याच्या हातांना ठाऊक होते.

गाडीखाली झोपून त्याने तिन्ही सांधे उघडले. इंजिनाच्या पट्टीचे निम्मे धागे तुटले होते, उरलेले हिरवट भुकटी झाले होते. बॉडीच्या बोल्टखाली गंजाचा पापुद्रा होता. त्याने विचारले, "ही गाडी खारपाणपट्ट्यातली का?" होय, आमच्याकडे येण्यापूर्वी ती दहा वर्षे संग्रामपूरकडच्या एका गावी होती. पूर्णेच्या दोन्ही काठांवरील त्या पट्ट्यात भूजल खारे आहे. बोअरच्या पाण्याने गाडी आठवड्याला धुतली की ती वरून चकाकते आणि मीठ सांध्यांत जाऊन बसते. पुढचे काम घाटाखालच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाने, काळ्या मातीच्या धुळीने आणि पावसाळी दमट हवेने केले होते. त्याने नव्या जाड तारा कापल्या, टोकांना थिंबल दाबून वर डाग दिला, बोल्टखालचे लोखंड काचकागदाने पांढरे होईपर्यंत घासले, आवळले आणि वरून व्हॅसलीन माखले. तीन तास गेले. खर्च नव्या सेल्फच्या किमतीच्या पासंगालाही लागला नाही. मीटरवरचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली आला.

त्यानंतरच्या मंगळवारी रुग्णालयात पत्नीच्या खाटेशेजारी बसलो असता मी ते यंत्र नीट पाहिले. हाताला दोन सुया असतात. एकीतून रक्त बाहेर जाते, गाळणीतून फिरते आणि दुसरीतून शरीरात परत येते. यंत्राचे लक्ष दोन्ही वाटांवर असते. परतीच्या नळीत दाब जरा वाढला की घंटा वाजते आणि परिचारिका धावत येतात. मी पत्नीला तिच्या गाडीचे दुखणे आणि मिस्त्रीचे वाक्य सांगितले. ती डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, मग गाडीलाही अशी घंटा हवी होती." मोटारीला ती घंटा नाही. तिथे दिवा पेटला की आपले समाधान होते. घरातही असेच नसते काय? कमावून आणणारा हात सर्वांना दिसतो. दिवसाच्या शेवटी सगळे सांभाळून मूळ ठिकाणी परत आणणारा हात दिसत नाही, आणि तो थकला की घरातले भलतेच दिवे मिणमिणू लागतात. आमच्या घरी तो हात चाळीस वर्षे कोणाचा होता, हे त्या खाटेशेजारी बसल्यावर वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर एवढे तरी करून घ्यावे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असता चौदाच्या आसपास दाखवते का, ते पाहावे. दाखवीत असेल तर बॅटरी आणि डायनॅमो यांच्यामागे लागू नये. अर्थचे बोल्ट उघडून घासून घ्यावेत. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे, म्हणजे धन टोकावरचा पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. आणि मिस्त्रीला आग्रहाने सांगावे, की भार घालून तपासा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०२४ मध्ये आमची गाडी दुसऱ्यांदा त्या परीक्षेला उभी राहिली. दिवे, इंडिकेटर, हॉर्न सर्व पाहून झाले आणि २०२९ पर्यंतची मुदत मिळाली. कागद घरी आणला तेव्हा पत्नीने चष्मा लावून तारीख दोनदा वाचली. "पाच वर्षे दिली म्हणता?" ती म्हणाली. "मग मलाही तेवढे पुरवावे लागेल. तिला एकटीला घाट कोण चढू देणार?"

आम्ही अजून आठवड्यातून दोनदा घाट चढतो. गाडी आता सपाटीवर लावतो.