विष्णू-शिवांचे सुळके, हवासुपाईंची बाग

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने कोरलेली दरी. लांबी ४४६ किलोमीटर, काही ठिकाणी रुंदी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक. आपला गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. तसे तीस धबधबे एकावर एक रचावेत, तेव्हा कोठे हा तळ गाठता येईल!

दक्षिण कड्यावर उभे राहिले की खडकांचे तांबडे, पिवळे, करडे थर दिसतात. तळाचा काळपट खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर माथ्यावरचा चुनखडक २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला.

नकाशा उघडताच मराठी माणूस चमकतो. विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल! तेथे देऊळ वगैरे काही नाही. हे निसर्गाने घडवलेले सुळके. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने अशी नावे देण्याची प्रथा पाडली. तळाच्या खडकालाही ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात.

आपल्या देवांची नावे वाचून बरे वाटते. पण या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हवासुपाई लोकांचे काय? ‘ब्राइट एंजल’ पायवाटेने सात किलोमीटर उतरल्यावर झऱ्याकाठी हिरवळ लागते. तेथे त्यांची शेती होती. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२८ मध्ये तेथील शेवटच्या हवासुपाई रहिवाशालाही बाहेर काढण्यात आले. जागेचे नाव मात्र ‘इंडियन गार्डन’ राहिले. ते ‘हवासुपाई गार्डन्स’ व्हायला २०२२ साल उजाडले. बेळगाव-बेळगावी, सौंदत्ती-सवदत्ती अशी दोन्ही नावे तोंडी असणाऱ्या आपल्यासारख्यांना नावाचे मोल वेगळे सांगायला नको.

१८८२ मध्ये या जमातीकडे अवघी ५१८ एकर जमीन उरली होती. १९७५ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार एकर परत मिळाली. त्यांच्या सुपाई गावी मोटार जात नाही. तेरा किलोमीटर पायी, खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरने जावे लागते. तेथले निळे-हिरवे धबधबे पाहण्यासाठी जमातीची परवानगी आधी काढावी लागते.

एवढे जमणार नसेल, तर पूर्वेकडचा ‘डेझर्ट व्ह्यू’चा दगडी मनोरा चुकवू नये. मेरी कोल्टर यांनी तो १९३२ मध्ये उभारला. आतील भित्तिचित्रांत होपी चित्रकार फ्रेड काबोटी यांचे काम आहे.

जायचे तर वसंतात किंवा शरदात जावे. उन्हाळ्यात तळाशी उष्मा फार असतो. एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत चढण्याचा हट्ट करू नये. उतरणे सोपे असते, दम लागतो तो वर येताना.