बोटांना कळणारी ओढ

मराठीचा प्राध्यापक इलेक्ट्रॉनवर लिहू लागला, तर वाचकांच्या भुवया उंचावणारच. पण आमचे चिरंजीव मुंबईस पदार्थविज्ञान शिकतात आणि सुट्टीत मालवणास आले, की पानावर भाताबरोबर तोच विषय वाढतात. सोलकढीच्या घोटाबरोबर आम्ही तोही पोटात घालतो.

इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला लोहचुंबक. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. असाच गुण कित्येक अणूंच्या केंद्रांतही असतो. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे अर्नॉल्ड, पॅकार्ड आणि आपले डॉ. धर्मट्टी यांनी अल्कोहोलमधील हायड्रोजनच्या केंद्रांकडून तीन निरनिराळे संदेश मिळवले. पुढे धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही विद्या रुजवली. इस्पितळातला एम.आर.आय. हा तिचाच वंशज. मात्र तिथे अब्जावधी केंद्रांनी एकसुरात हाक द्यावी लागते. एकट्याची हाक कुणाला ऐकू येत नाही.

त्या एकट्याला गाठण्याची युक्ती जॉन सिडल्स यांनी १९९१ साली सुचवली. हाक ऐकू येत नाही ना? मग ओढ तपासा! २००४ साली कॅलिफोर्नियात आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत डॅन रुगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवले. केसाहून कितीतरी पातळ अशी सिलिकॉनची पट्टी, तिच्या टोकाला इवलासा चुंबक. पट्टी झुलते, सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने खालच्या इलेक्ट्रॉनची दिशा त्या तालावर उलटसुलट होते आणि त्याच्या ओढीने झुलण्याची लय किंचित बदलते. ही ओढ किती? शंभर ग्रॅमच्या वजनाला एकावर अठरा शून्यांनी भागावे, साधारण तेवढी! उष्णतेची थरथर कमी करण्यासाठी सारे उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलेले. तरीही एकेका बिंदूपाशी तेरा तास मोजमाप करावे, तेव्हा कुठे थरथरीतून ती ओढ वेगळी निघे.

हे ऐकून मला दांडीच्या किनाऱ्यावरचे आमचे शेजारी आठवले. रात्री होडीतून गळ सोडून ते तांबोशीसाठी बसतात. मासा दिसत नाही, दोरी मात्र लाटेने सारखी ओढली जाते. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "दर्याची ओड येगळी, माशाची येगळी. बोटांक कळता."

गेल्या श्रावणात आईला अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. एम.आर.आय.च्या चित्रात मेंदूचा बाधित भाग स्पष्ट दिसला. पण आमचे बोलणे तिला समजते की नाही, हे ते चित्र सांगेना. माझी बहीण तिचा हात हातात घेऊन बसे, प्रश्न विचारी आणि थांबे. हाताला कंप होताच. त्यातून उत्तर निवडायचे होते. नवव्या दिवशी तिने विचारले, "आई, पेज हवी?" करंगळी दाबली गेली. योगायोग असेल म्हणून विचारले, "निजायचंय?" करंगळी स्वस्थ. पुन्हा पेजेचे विचारले. करंगळी पुन्हा दाबली गेली. बहिणीने दिवसभर असेच ताडून पाहिले आणि मगच आम्हांला हाक मारली.

आई अजून बोलत नाही. पण आमच्या घरात आता प्रश्न विचारला, की उत्तरासाठी थांबतात.