चार जाड तारा



मागचे दोन-तीन लेख धान, तलाव आणि नवेगाव बांधच्या पक्ष्यांवर झाले. आजचा विषय एकदम वेगळा आहे: बेस गिटार! हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमात बी.ए. झालेल्या मास्तराने या वाद्यावर लिहावं याला कारण आमचा नातू. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेलं दीड वर्ष हे वाद्य आमच्या घरात नांदतं आहे. नाशिकच्या वहिनींनी मागे फोनवर विचारलं, "भावजी, तो वाजवतो ते नेमकं काय? गाणं तर कुठे ऐकूच येत नाही." फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

नेहमीच्या गिटारला सहा तारा, याला चार. आणि त्या चारही जाड. गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच स्वर, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. पेटी वाजवणाऱ्यांना 'खर्ज-नर' हा शब्द ठाऊक असतो. पेटीतल्या खर्जाच्या सुरांचं जे काम, तंबोऱ्यातल्या चौथ्या तारेचं जे काम, तेच हिचं. ती तार बंद केली तर गाणं थांबत नाही, पण गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते.

मी स्वतः तरुणपणी भजनी मंडळात तबला वाजवत असे, म्हणून मला हे वाद्य डग्ग्यावरून समजलं. चाट, किनार हे सगळं उजव्या हाताचं, लोक दाद देतात तेही तिथेच. डग्गा आपला घुमत असतो. पण कुणी डग्गा उचलून नेला तर तबला पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा वाजतो.

हे वाद्य जन्माला आलं तेही गरजेतून. पूर्वी हे काम 'डबल बेस' करायचा, माणसापेक्षा उंच, सारंगीच्या कुळातला. तो प्रवासात न्यायचा म्हणजे शिक्षा, आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकूही येत नसे. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५१ मध्ये खांद्याला अडकवता येईल असं विजेवरचं बेस गिटार बाजारात आणलं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हतं! मानेवर पट्ट्या असल्यामुळे स्वर अचूक लागतो, म्हणून त्याने नाव ठेवलं 'प्रिसिजन'. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत ते आलं. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ हे बेस वाजवत. आपण त्या काळची गाणी आयुष्यभर गुणगुणत आलो, पण त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

आता वाजवण्याबद्दल. नातू खोलीत बसतो आणि मी दारातल्या खुर्चीवर पेपर वाचतो, त्यामुळे त्याचा अर्धा अभ्यास माझाही झाला आहे.

उजव्या हाताची पहिली दोन बोटं आळीपाळीने चालतात, आपण चालताना पाय टाकतो तशी. बोट तार ओढत नाही, तारेवरून आत घसरतं आणि शेजारच्या तारेवर जाऊन टेकतं. त्यामुळे प्रत्येक आघात सारखा येतो आणि शेजारची तार आपोआप गप्प राहते. जेम्स जेमरसन नावाचा अमेरिकेतला फार मोठा वादक मात्र एकाच तर्जनीने वाजवायचा, पण हा अपवाद. नवशिक्याने दोन बोटंच सारखी करावीत.

डावा हात अवघड. बेसची तार ३४ इंच लांब, त्यामुळे मानेच्या सुरुवातीच्या पट्ट्या लांब लांब असतात. बोट पट्टीच्या अगदी मागे, पण तिला लागून दाबायचं. लांब दाबलं तर जोर दुप्पट लागतो आणि तार खरखरते. अंगठा मानेच्या मागे नुसता टेकलेला हवा, आवळलेला नको. नातवाला दुसऱ्या महिन्यात मनगट दुखायला लागलं. त्याच्या शिकवणाऱ्याने गिटारचा पट्टा आखूड करून दिला. उभं राहिलं तरी वाद्य बसल्यावर असतं त्याच उंचीवर राहायला हवं, म्हणजे मनगट वाकत नाही. सिनेमातल्यासारखं गुडघ्यापर्यंत लोंबकळणारं गिटार दिसतं छान, पण हाताची वाट लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वर सुरू करण्याइतकंच तो थांबवणं. डग्ग्यावर 'घे' घुमतो आणि 'के' मिटतो. मिटणं आलं नाही तर नुसता गलका होतो. बेसचंही तसंच. डाव्या हाताचं बोट किंचित सैल केलं की स्वर मिटतो. हा मुलगा दोन महिने नुसता एकच स्वर वाजवून मिटवत होता. आजी कंटाळली. मी नाही कंटाळलो. बाराखडी गिरवताना मुलं याहून जास्त वेळ घेतात, चाळीस-चाळीस मुलांची मी घेतली आहे.

आता ॲम्प्लीफायरची गोष्ट. विजेचं बेस गिटार नुसतं वाजवलं तर डासाइतका आवाज येतो, म्हणून यंत्र हवंच. गावात यंत्र म्हणजे बिछायत केंद्र. आमचा बिछायतवाला माझा विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडे मशीन आहे, कॉलम आहे, चार भोंगे आहेत. लावून पाहू जी." लावलं. भोंग्यातून खर्ज आलाच नाही, नुसतं फट्-फट्. मिनिटभरात त्यानेच वायर ओढली, "राहू द्या जी, युनिट फाटते."

तो बरोबर बोलला. भोंगा माणसाचा आवाज लांब फेकण्यासाठी बनलेला असतो. इतका खालचा स्वर त्याच्या नळीतून बाहेर पडत नाही, पण आतला पातळ पडदा मात्र त्या धक्क्याने हलत राहतो आणि फाटतो. ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट हवेत सुमारे ८ मीटर लांब असते. ती उठवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि त्यासाठी मोठा कागद, म्हणजे १०, १२ किंवा १५ इंची स्पीकर आणि भक्कम खोका लागतो. शिवाय आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद, म्हणून बेसला साध्या गिटारपेक्षा कितीतरी जास्त वॅट लागतात.

वॅटवरून आठवलं. एकेकाळी म्युझिक सिस्टीमवर 'पीएमपीओ' लिहिलेले हजार-दोन हजार वॅटचे स्टिकर असायचे. त्या आकड्याला काही अर्थ नसतो. 'आरएमएस' असं लिहिलेला आकडा विचारावा, सतत मिळणारी ताकद ती. आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे! ४० च्या जागी ८० वॅट घेतले तर आवाज थोडासाच वाढतो, तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात, म्हणजे ४०० वॅट. म्हणून थोड्या जास्त वॅटसाठी खूप जास्त पैसे मोजू नयेत. खोलीत सरावाला २०-४० वॅट पुरतात. तबला, ऑक्टोपॅड यांच्यासोबत छोट्या कार्यक्रमाला १०० पासून पुढे बघावं. मोठ्या मैदानावर मात्र आपला ॲम्प्लीफायर फक्त आपल्याला ऐकण्यापुरता. लोकांसाठी 'डीआय बॉक्स' नावाची छोटी डबी लावून तार सरळ मिक्सरला द्यायची. ती डबी असली की लांब वायरीतून खरखर येत नाही.

दुसरी गोष्ट ओमची. बिछायतवाल्यांना जितके हवे तितके भोंगे जोडायची सवय असते, कारण त्यांची १०० व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर. बेसच्या यंत्राला हे चालत नाही. ८ ओमचे दोन खोके समांतर जोडले की ४ ओम होतात, तिसरा जोडला की तीनच्याही खाली. यंत्राच्या मागे 'कमीत कमी ४ ओम' लिहिलेलं असेल तर तिसरा खोका जोडणं म्हणजे यंत्र जाळणं.

तिसरी गोष्ट वजनाची. जुन्या काळचे काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प्लीफायर फार गाजलेले. ॲम्पेगचा १९६९ चा ३०० वॅटचा नुसता वरचा डबाच ३८ किलोच्या आसपास, स्पीकरचा खोका वेगळा. आजचे 'क्लास डी' जातीचे तेवढ्या ताकदीचे डबे दोन-तीन किलोत मिळतात. एसटीने जाणाऱ्या पोराला कुठला परवडेल ते सांगायला नको.

शेवटी नागपूरहून १०० वॅटचा, १२ इंची स्पीकरचा, हेडफोन लावता येणारा एक जुना ॲम्प्लीफायर आणला. पैसे मी दिले. किती ते लिहीत नाही, कारण हा लेख त्याची आजीही वाचते :)

देताना दोन अटी घातल्या. पहिली, अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही. मंडपात ओली जमीन, जनरेटर, जोडलेल्या वायरी, आणि हाताला चिकटलेल्या धातूच्या तारा. तीन पिनांतली मधली पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवणारे पुष्कळ असतात. तसं करायचं नाही. दुसरी अट कानाची. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकला तर चालतो, पण पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. म्हणून मोठ्या स्पीकरजवळ वाजवताना कानात बोळे हवेतच.

ही दुसरी अट मी का घातली ते घरच्यांना माहीत आहे. माझे कान गेली सात-आठ वर्षं उतरणीला लागले आहेत. वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात. स, श, फ, थ ही व्यंजनं त्या वरच्या पट्टीतच राहतात. त्यामुळे सून बोलते ते अर्धं मी ओठांवरून ओळखतो. पाखरांचे बारीक आवाज तर गेलेच. पण खर्ज शिल्लक आहे. नातू बोलतो तेव्हा मला दोनदा विचारावं लागतं. तो वाजवतो तेव्हा काहीच विचारावं लागत नाही, ते थेट खुर्चीच्या पायातून वर येतं. देवाने माझ्यासाठी ठेवलेला दरवाजा नेमका याच मुलाच्या खोलीचा निघाला.

आता खरा प्रश्न. आमचा भाग झाडीपट्टीचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर धान निघालं की होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं होतात. मंडई, शंकरपट आणि नाटक असा तिहेरी मेळ. बऱ्याच मंडळांचा कारभार वडशातून चालतो. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांना घरचाच सन्मान वाटला होता. या नाटकांत संगीत अजून जिवंत वाजतं. पण त्यात बेसवाला वेगळा नसतो. "कीबोर्डातच बेस येते जी, मग एका माणसाची नाइट कशाला द्यायची?" हा हिशेब, आणि तो चुकीचा नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावच्या नाटकात नातवाला एक रात्र फुकट बसू दिलं. मीही शाल गुंडाळून गेलो होतो. नाट्यपद म्हणणारा नट जुन्या वळणाचा, कुठल्याही ओळीवर थांबेल, प्रेक्षकांकडे बघेल, एखादी जागा पुन्हा घेईल. कीबोर्डातला तयार ठेका त्याच्यासाठी थांबत नाही. नातू थांबला. तबलजीच्या हाताकडे बघत त्याने स्वर मिटवून धरला आणि समेवर बरोबर सोडला. नटाने मान वळवून अंधारात कोण आहे ते पाहिलं. बस्स, एवढंच. टाळ्या नटालाच पडल्या, आणि त्या त्याच्याच होत्या.

त्यानंतर एका मंडळाने या मोसमासाठी विचारलं आहे. पैसे थोडे. माझा मुलगा, म्हणजे त्याचे वडील, ठाम नाही म्हणतो. "आधी बी.ए. कर, भरतीची तयारी कर, रात्री जागून काय मिळणार?" त्याचं काही चूक नाही. आमच्याकडे नोकरी नसलेल्या पदवीधरांच्या किती पिढ्या मी शिकवून बाहेर काढल्या ते मलाच माहीत.

मी मास्तरकीला धरून एवढंच सुचवलं: नाटकं होळीला संपतात. शनिवारच्या तेवढ्या नाइट घे, दुसऱ्या दिवशी रविवार असतो. वडिलांनी ना हो म्हटलं, ना नाही. नातवाने रात्री किती वाजवावं हे ठरवणारा मी कोण? पण झाडीपट्टीत रात्रभर जागून नाटक पाहणाऱ्या माणसांनी मला भाषा शिकवली, पुस्तकांच्या आधी. त्या अंधारात आपल्या घरचा एक स्वर असावा असं मला वाटतं, आणि तसं मी मुलाला सांगितलंही.

परवा तो गोंदियाहून आला तेव्हा पिशवीत किराण्यासोबत एक एक्स्टेंशन बोर्ड होता. तीन पिनांचा, चांगल्या जाड वायरीचा. नातवाच्या खोलीच्या दाराशी ठेवला आणि हातपाय धुवायला निघून गेला. मी काही विचारलं नाही.

असो. रोवणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत. पुढचं सवडीने लिहीन.