बंद व्हायला लागणारा वेळ

पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे येणारा चढ साताऱ्यातल्या सायकलवाल्यांना चांगला ठाऊक आहे. त्या दिवशी दादा आपल्या तीनचाकीवरून तो चढ चढत होता आणि मी घरी जेवत होतो. वर आल्यावर त्यानं नेहमीसारखी मूठ सोडली. गाडी थांबली नाही. सपाटी लागल्यामुळे उलट तिचा वेग वाढला. ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, तोही हाताचा. वळणावर लावलेल्या दोन स्कूटरींवर गाडी आदळली आणि दादा उजव्या हातावर पडला.

मनगट मोडलं. दादा घड्याळं दुरुस्त करतो. लहानपणी पोलिओ झाल्यापासून डावा पाय कामाचा नाही, त्यामुळे जे काही आहे ते हातांतच. गाडीची मोटर बाजारातली होती, २४ व्होल्टची, २५० वॅटची. तिचा वेग सांभाळणारं सर्किट मात्र मी बनवलेलं होतं.

प्लास्टरमधला हात छातीशी धरून तो मला एवढंच म्हणाला, "मूठ सोडली होती रे मी." जणू मी त्याच्यावर संशय घेतला होता.

सर्किट उघडल्यावर कारण दिसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मॉसफेट शॉर्ट झाला होता. आयआरएफ ३२०५, ५५ व्होल्टचा, नेहमीचा, स्वस्त. जळाला म्हणजे तार तुटल्यासारखा उघडा पडेल, असं आपल्याला उगाच वाटत असतं. हा बहुतेक वेळा आतून चिकटतो. मग मुठीचं कोण ऐकणार? बॅटरी थेट मोटरवर. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण दादाला त्यावर बसवताना आठवलं नव्हतं.

तो जळाला का, हे शोधायला मात्र आठवडा गेला. टेबलावर चाकं अधांतरी ठेवून मी तासभर चाचणी घेतली होती, हीटसिंकला बोट लावून पाहिलं होतं. कोमट होतं. पण चाकं अधांतरी असताना मोटर दोन अँपिअरही घेत नाही. चढावर वीस घेते.

मॉसफेटचं गेट ही एक छोटी टाकी समजा. भरली की तो चालू, रिकामी झाली की बंद. भरायला मी एक एनपीएन ट्रान्झिस्टर लावला होता, तो झटक्यात भरायचा. पण तो फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही. रिकामं करण्यासाठी गेटपासून सोर्सपर्यंत एक किलोओहमचा रेझिस्टर टाकला होता. 'बंद तर आपोआप होतंच की', एवढाच विचार त्यामागे होता.

एका मित्राच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप होता, तिथे दुसरा मॉसफेट लावून आणि मोटरवर भार देऊन गेटचा व्होल्टेज पाहिला. बारा व्होल्टवरून तो उतरत साडेपाचच्या आसपास आला आणि तिथेच अडला. एक सपाट पायरी. याला मिलर प्लॅटो म्हणतात. ड्रेनचा व्होल्टेज वर चढू लागला की तो आतल्या कपॅसिटन्समधून गेटमध्ये पुन्हा चार्ज ढकलतो. आपण टाकी उपसतोय आणि कुणीतरी दुसरीकडून ओततोय. डेटाशीटमध्ये हा चार्ज जास्तीत जास्त ५४ नॅनोकूलोम दिलाय. साडेपाच व्होल्टला एक किलोओहममधून साडेपाच मिलिअँपिअर वाहणार, म्हणजे ती पायरी संपायला सुमारे दहा मायक्रोसेकंद. सर्किट २० किलोहर्ट्झवर चालत होतं, एक फेरी ५० मायक्रोसेकंदांची. प्रत्येक फेरीचा पाचवा हिस्सा मॉसफेट धड चालूही नाही आणि धड बंदही नाही, अशा अवस्थेत.

त्या अवस्थेत वीस अँपिअर पूर्ण वाहत असतात आणि व्होल्टेज शून्यावरून चोवीसपर्यंत चढत असतो. सरासरी २४० वॅट. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे पन्नासेक वॅट. पूर्ण चालू असताना हाच मॉसफेट जेमतेम तीन वॅट खातो. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. दादाच्या सीटखाली मी तशी दोन तापत ठेवली होती, काडेपेटीएवढ्या हीटसिंकवर.

मग ड्रायव्हर निवडायची पाळी आली. पुण्यात तपकीर गल्लीत दुकानदारानं आयआर २११० पुढे केला, "सगळे हाच नेतात" म्हणाला. चांगलाच आहे तो, पण त्याची खरी करामत वरच्या बाजूचा मॉसफेट चालवण्यात. माझा एकच मॉसफेट, तोही खालच्या बाजूला. मी टीसी ४४२० घेतला, सहा अँपिअरचा. सहा हा आकडा वाचून बरं वाटलं, हे कबूल करतो. अपराधी माणसाला मोठे आकडे आवडतात.

४.७ ओहमच्या गेट रेझिस्टरसह तो लावला. पायरी जवळजवळ नाहीशी झाली. पण आता ड्रेनवर प्रत्येक वेळी बंद होताना ५० व्होल्टच्या वर सुळका उठायला लागला. बॅटरीच्या लांब तारांमधला वीस अँपिअरचा प्रवाह असा एकाएकी तोडला की तारा तो सहन करत नाहीत. मर्यादा ५५ची. म्हणजे तापून मरणारा मॉसफेट मी आता सुळक्यानं मारणार होतो.

मग बॅटरीच्या तारा अर्ध्या केल्या, मॉसफेट आणि फ्रीव्हीलिंग डायोडच्या अगदी पायांशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि बंद होतानाचा रेझिस्टर वाढवत २२ ओहमवर आणला. पायरी साधारण ०.२ मायक्रोसेकंद. सुळका चाळिशीच्या आत. बंद होतानाचा तोटा हिशेबानं एक वॅट.

पण २२ ओहममधून पायरीवर वाहतो पाव अँपिअर. त्यासाठी सहा अँपिअरचा ड्रायव्हर कशाला? गेटजवळ एक बीडी १४० लावला, भरायला जोडीचा बीडी १३९, तरी तेच होतं. शेवटी मी तेच केलं. स्कोपवर कडा थोड्या गोलसर दिसतात, दिसू देत. हे दोन्ही ट्रान्झिस्टर साताऱ्यातही मिळतात आणि मी गावात नसलो तर टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही ते बदलू शकेल. गेट ते सोर्स दहा किलोओहमचा रेझिस्टरही ठेवला. मागचं सर्किट मेलं तर गेट अधांतरी राहायला नको.

त्यानंतरही मॉसफेट कधीतरी चिकटू शकतोच. म्हणून बॅटरीच्या वाटेवर ४० अँपिअरचा रिले टाकला आणि त्याचा स्विच मुठीत बसवला. मूठ सोडली की आधी मॉसफेट बंद, क्षणभरानं रिलेही उघडा. पहिल्या दिवशी ही साठ-सत्तर रुपयांची वस्तू टाकली असती तर... असो.

दादानं प्लास्टर निघाल्यावर सगळं समजून घेतलं. माझ्या कागदावरची पायरी बराच वेळ पाहिली. "स्प्रिंगला चावी कुणीही देतो," तो म्हणाला, "दात एकेक करून सुटतो तिथं खरं घड्याळ असतं. हे तू मला आधी का नाही दाखवलंस?"

पहिल्या चढाला मी सोबत चालत गेलो. राजवाड्याशी त्यानं मूठ सोडली, रिले 'टक्' वाजला, गाडी थांबली. मी सीटखाली हात घालून हीटसिंक चाचपला. कोमट होता.

"दुसऱ्यांदा जाऊ," दादा म्हणाला. "या वेळी तू बस, मी बघतो."

मनगट अजून थंडीत दुखतं. बारीक लेडीज घड्याळं तो आता घेत नाही, शेजारच्याकडे पाठवतो.